बँडला नाट्यगृह द्या : महापालिकांच्या नाट्यगृह विभागांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि नाट्यगृह व्यवस्थापक,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

विषय : स्वतःची गाणी करणाऱ्या बँडना पालिकेच्या नाट्यगृहांत तारखा, पुरेसा वेळ आणि किमान तांत्रिक सोय मिळण्याबाबत.

स. न. वि. वि.

काही नाट्यगृहांच्या आरक्षण खिडकीवर अर्जात ‘बँड’ एवढं दिसलं की अर्ज परत येतो. कारण विचारलं तर आवाज होतो, खुर्च्या मोडतात, पोरं धिंगाणा घालतात असं तोंडी ऐकवलं जातं. लेखी काही मिळत नाही. काही ठिकाणी तारीख मिळते, पण अशा अटींवर की कार्यक्रम नीट होऊच शकत नाही, आणि मग तो बिघडलेला कार्यक्रमच पुढच्या नकाराचं कारण होऊन बसतो. यावर खिडकीशी हुज्जत घालून काही होत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आम्ही ध्वनिव्यवस्था लावणारे, सगळे माइक आणि वाद्यं एकत्र जुळवणाऱ्या मिक्सरवर बसणारे, रंगमंचावर केबल ओढणारे आणि दीडशे ते तीनशे श्रोत्यांचे कार्यक्रम भरवणारे आहोत. नाटकं, वाद्यवृंद, सुगम संगीत यांचं कामही आम्हीच करतो, तेही आपल्याच नाट्यगृहांत. त्यामुळे कुठल्या विंगेत कुठला सॉकेट सैल आहे इथपर्यंत आम्हाला ठाऊक असतं. पोटाचा प्रश्न आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की चांगला बँड आपल्या राज्यात चांगला ऐकू येण्याच्या जागाच उरलेल्या नाहीत, आणि ज्या जागा करदात्यांच्या पैशातून उभ्या आहेत त्या बंद आहेत.

आधी कुणाबद्दल बोलतो आहोत ते सांगायला हवं, कारण खिडकीवर डीजे आणि बँड एकाच रकान्यात पडतात. पुण्याचा ईझी वाँडरलिंग्ज, मुंबईचा द यलो डायरी, कोचीचा व्हेन चाय मेट टोस्ट, दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी, कोलकात्याची पारेख अँड सिंग ही जोडी. इंडी पॉप म्हणतात ते साधारण हे संगीत. शब्द यांचे, चाली यांच्या, बहुतेक वेळा रेकॉर्डिंगचा खर्चही यांचाच. गिटार, बेस, की-बोर्ड, ड्रम्स आणि दोन-तीन गळे एवढा ऐवज. ईझी वाँडरलिंग्जसारख्या बँडमध्ये बासरी आणि व्हायोलिनही असतात. हे संगीत छाती हादरवण्यासाठी नसतंच. कडव्यात गायिका जवळजवळ बोलल्यासारखी गाते, खाली फक्त गिटारचे दोन-चार स्वर असतात, आणि धृपदाला सगळे एकदम येतात. हलक्यातून मोठ्यात जाण्याची ही मजा ज्या जागेत हलकं ऐकूच येत नाही तिथे पूर्ण मरते.

आणि आज हे बँड वाजतात कुठे? बहुतेक पबमध्ये. पबमालकांना आम्ही नावं ठेवणार नाही. त्यांनी कोपरा दिला म्हणून ही गाणी तगली. २००७ मध्ये सुरू झालेला लोअर परळचा ब्लू फ्रॉग हा ऐकण्यासाठी म्हणून उभारलेला क्लब होता. तो २०१६ मध्ये बंद झाला. पबमध्ये छत खाली, समोर काच, मागे काउंटरवर बर्फ फोडणारं यंत्र, आणि लोक जेवायला आलेले. त्यात प्रवेशालाच वयाची अट. राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे अनेक पब २१ वर्षांखालच्यांना दारातूनच परत पाठवतात. ज्या वयाच्या पोरापोरींना ही गाणी पाठ आहेत, त्यांनाच ती समोर बसून ऐकता येत नाहीत. अकरावीतली मुलगी आईला घेऊन बँड ऐकायला जाईल अशी जागा शहरात हवी की नको? ती जागा नाट्यगृह आहे. दुसरी नाही.

मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनाचा दाखला कुणी ना कुणी देईलच. १९८६ पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक होत असे. पण ते उघडं होतं आणि रुग्णालयांना लागून होतं. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे २००३ च्या सुमारास तिथला मोठा आवाज थांबला. आम्ही चार भिंती, छप्पर आणि जाड पडदे असलेल्या इमारतींबद्दल लिहीत आहोत. रंगभवनाचं कारण तिथे लागू होत नाही.

तर आता आवाजाचा मुद्दा. ध्वनिप्रदूषण नियम २००० काढून पाहावेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे, पण सभागृहांसारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत वापरायला त्याच नियमात सूट आहे. आम्ही ती सूटही मागत नाही. कार्यक्रम पावणेदहाला संपवायला तयार आहोत. राहिली बाहेर जाणाऱ्या आवाजाची मर्यादा. ती आवाराच्या हद्दीवर मोजतात : त्या भागासाठी ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल ते. निवासी भागाची पातळी दिवसा ५५, व्यापारी भागाची ६५, शांतता क्षेत्राची ५० डेसिबल. हे आकडे वादाचे नाहीत, मीटर लावून पाहण्याचे आहेत. मीटर न लावताच ‘बँड म्हणजे आवाज’ असं ठरवलं जातं, तक्रार याची आहे.

आत किती आवाज लागतो तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक दिलं : १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. तीनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात इंडी पॉप बँडला मिक्सरच्या जागी ९२ ते ९५ पुरतात. भिंतीतून बाहेर निसटतो तो गळा किंवा गिटार नव्हे, साधारण १०० हर्ट्झच्या खालचा खर्ज. त्यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. सबवूफर, म्हणजे खर्ज वाजवणारे मोठे स्पीकर, रंगमंचाच्या लाकडी फळ्यांवर ठेवायचे नाहीत, खाली जमिनीवर ठेवायचे, कारण पोकळ रंगमंच स्वतःच घुमतो. ४० हर्ट्झच्या खालचा भाग कापायचा. एक सब उलट तोंडाने ठेवून, त्याची पोलॅरिटी (अधिक-उणे) फिरवून आणि मोजून डिले, म्हणजे किंचित उशीर, देऊन मागे जाणारा खर्ज कमी करायचा. आणि सिस्टीमला लिमिटर, म्हणजे ठरलेल्या पातळीवर आवाज अडवणारी सोय, लावून त्याचा पासवर्ड आपल्या तंत्रज्ञाकडे ठेवायचा. एवढं केलं की मागच्या सोसायटीतल्या आजोबांची झोपमोड होत नाही. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल आम्ही इथे काही म्हणणार नाही.

दुसरी तक्रार वेळेची, आणि खरं दुखणं हेच आहे.

नाट्यगृहाचं सत्र नाटकाच्या मापाने कापलेलं आहे, साधारण चार तासांचं. नाटकाला ते पुरतं. सेट ठरलेला असतो, मंडळी शंभर प्रयोग केलेली असतात, फूट माइक आणि हँगिंग माइक आधीच लटकलेले असतात. बँडचं तसं नाही. पाच जणांच्या साध्या बँडला मिक्सरवर किती लाइनी, म्हणजे माइक किंवा वाद्यापासून येणाऱ्या वेगळ्या केबली, लागतात पाहा. ड्रम्सच्या सात : किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम आणि वरून दोन. बेसची एक. इलेक्ट्रिक गिटारच्या अँप्लिफायरसमोर दोन. की-बोर्डच्या दोन. अकूस्टिक गिटारची एक. गळ्यांच्या तीन. लॅपटॉपवरून येणाऱ्या ट्रॅकच्या दोन, आणि एक क्लिकची, म्हणजे ड्रमरच्या कानात वाजणारी टिकटिक. झाल्या एकोणीस. बासरी आणि व्हायोलिन असतील तर एकवीस. यातली प्रत्येक लाइन ओढायची, योग्य भोकात घालायची, चालते का पाहायची. क्लिकची लाइन चुकून मुख्य स्पीकरवर गेली तर हळव्या गाण्यात सगळ्या हॉलला टिक टिक टिक ऐकू येतं. हसू नका, हे होतं.

याला वेळ असा जातो : सामान आत आणायला ४५ मिनिटं, मांडणी आणि केबलला ४५, लाइन चेकला २०, साउंड चेकला, म्हणजे बँड वाजवून आवाज जुळवायला, ६०, प्रेक्षक बसायला ३०, कार्यक्रम ९०, आवरायला ४५. बेरीज ५ तास ३५ मिनिटं. चार तासांत हे बसवायचं म्हटल्यावर कात्री कशाला लागते? आवरायला लागत नाही, कारण पुढच्या नाटकाचा ट्रक दारात उभा असतो. प्रेक्षकांच्या वेळेलाही लागत नाही. लागते ती साउंड चेकला.

साउंड चेक हा कलावंतांचा नखरा आहे असं काही व्यवस्थापकांना प्रामाणिकपणे वाटतं. तो वगळला की काय होतं ते क्रमाने सांगतो. गायिकेला मॉनिटरमधून, म्हणजे तिच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, स्वतःचा आवाज येत नाही. ती जोर लावते, सूर वर सरकतो. ती खूण करते, ऑपरेटर तिचा मॉनिटर वाढवतो. तो वाढलेला आवाज परत तिच्याच माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी मारायला ऑपरेटर घाईत २ ते ४ किलोहर्ट्झचा मोठा पट्टा खाली ओढतो. नेमका त्याच पट्ट्यात श, ट, क, त अशा व्यंजनांचा बराच भाग असतो. शिट्टी जाते, शब्दही जातात. मग सातव्या रांगेतले काका शेजारच्याला म्हणतात, यांचं काही कळत नाही बुवा, नुसता गोंगाट. काकांचं चुकत नाही. पण तो गोंगाट त्या वेळापत्रकाने केलेला आहे, बँडने नाही.

साठ मिनिटं मिळाली तर हे सगळं रिकाम्या हॉलमध्ये उरकतं. आधी गळ्याचे मॉनिटर घ्यायचे, ड्रम्स नंतर. बहुतेक जण उलटं करतात आणि किकवर वीस मिनिटं घालवतात. प्रत्येक मॉनिटर शिट्टी येईपर्यंत हळूहळू चढवायचा, जिथे वाजेल ती एकच वारंवारिता बारीक कापायची, चार-पाच कापांत थांबायचं. मग सगळ्यांत हलकं गाणं आणि सगळ्यांत मोठं गाणं यांचं एकेक कडवं घ्यायचं. मधली गाणी आपोआप बसतात. प्रेक्षक आले की त्यांचे कपडे वरचे स्वर शोषून घेतात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये किंचित कर्कश वाटलेलं भरल्यावर बरोबर होतं. गादीच्या खुर्च्या असल्या तर फरक थोडा, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या असल्या तर बराच. हे ज्याला माहीत नाही तो दुपारी सगळं गोड करून ठेवतो आणि संध्याकाळी हॉल भरला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो.

तिसरी गोष्ट मिक्सरच्या जागेची. कित्येक नाट्यगृहांत ध्वनिकक्ष बाल्कनीच्या मागे किंवा बाजूला, काचेच्या आड आहे. नाटकात संकेतावर पार्श्वसंगीत सोडायला तो ठीक. बँडसाठी मात्र काचेमागून मिक्स करणं म्हणजे न चाखता भाजीत मीठ घालणं. ऑपरेटरच्या खोलीत छोट्या स्पीकरवर जे ऐकू येतं त्याचा हॉलशी संबंध नसतो, कारण ड्रम्स आणि अँप्लिफायर स्पीकरशिवायही थेट हॉलमध्ये वाजत असतात आणि ते काचेमागे पोचत नाहीत. तो ड्रम्स कमी समजून वाढवतो, समोरच्या पाच रांगा कान झाकतात. मिक्सर हॉलच्या आत, रंगमंचापासून साधारण दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध किंवा मध्याच्या जरा बाजूला, आणि बाल्कनीच्या सावलीबाहेर हवा. त्यासाठी सहा खुर्च्यांची जागा लागते. सहा! त्या काढता येतील अशा बोल्टवर बसवल्या तर नाटकाच्या दिवशी परत लावता येतात. तरी आमच्यापैकी अनेकांना ‘खुर्ची हलवायला स्थायी समितीची मंजुरी लागते’ हे उत्तर ऐकावं लागलं आहे.

बाल्कनीचा विषय निघालाच आहे. बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगांना मुख्य स्पीकरचा आवाज थेट मिळत नाही. तिथे छोटे जादा स्पीकर लावतात, पण डिले न देता लावले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. जादा स्पीकर मुख्य स्पीकरच्या १५ मीटर पुढे असेल तर त्याला सुमारे ४४ मिलिसेकंद उशीर द्यायचा, वर आणखी १०-१२, म्हणजे आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. नवीन मिक्सरवर हे दोन मिनिटांचं काम आहे. नूतनीकरणात लाखोंचे स्पीकर बसवलेले आणि डिले शून्यावर, असं आम्ही पाहतो. कारण निविदेत स्पीकरची संख्या लिहिलेली असते, ते जुळवून देण्याचं काम लिहिलेलं नसतं.

विजेबद्दल थोडक्यात, पण हे सगळ्यांत गंभीर आहे. दिवे मंद-तेज करणारे डिमर आणि ध्वनी एकाच फेजवर असले की दिवे अर्धवट पेटले रे पेटले की गिटारमधून घरघर सुरू होते. ती घालवायला कुणीतरी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतो. घरघर जाते, आणि त्यानंतर गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की अर्थिंग तुटलेल्या अँप्लिफायरमधून गळणारी वीज त्याच्या अंगातून माइकच्या अर्थिंगकडे वाहते. हा झटका नेहमीच किरकोळ राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. ध्वनीसाठी वेगळी ३२ अँपिअरची लाइन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि न्यूट्रल-अर्थमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या आत. वर्षातून एकदा तपासून त्याचा कागद पॅनलवर चिकटवावा, बस. वीज गेली आणि जनरेटरवर गेलो की मधले काही सेकंद डिजिटल मिक्सर बंद पडतो आणि परत चालू व्हायला मिनिटभर तरी घेतो. एक केव्हीएचा यूपीएस तेवढ्यासाठी पुरतो.

पैशाची बाजू. तीनशे खुर्च्या, तिकीट ₹४००. पाचशेपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी माफ आहे, म्हणून छोटे आयोजक ₹५०० च्या खालीच राहतात. साठ टक्के हॉल भरला, म्हणजे १८० तिकिटं, ₹७२,०००. बाहेरून ध्वनी आणला तर ₹३५,००० धरा, प्रकाश ₹१०,०००, टेम्पो आणि हमाली ₹८,०००. उरले ₹१९,०००. त्यात परवाने, दोन सत्रांचं भाडं, पाच कलावंत आणि एक ऑपरेटर बसवा. वाद्यवृंदाला सवलतीचा दर आहे, हौशी नाटकाला आहे, पण स्वतःची गाणी करणारा बँड कुठल्याच रकान्यात नसल्यामुळे ‘इतर व्यावसायिक’ दर लागतो, म्हणजे साबणाच्या कंपनीच्या विक्री मेळाव्याचा दर. जुन्या सिनेमातली गाणी कराओके ट्रॅकवर म्हणणाऱ्या क्लबांना सकाळची सत्रं मिळतात, त्यांचं आम्हाला काही वावडं नाही, मिळावीतच. पण नवं गाणं लिहिणाऱ्याला त्याच्या दुप्पट भाडं का, हे कुणीतरी समजावून सांगावं.

परवान्यांच्या बाबतीत एक गोंधळ खिडकीवरच मिटू शकतो. पीपीएल ही संस्था ध्वनिमुद्रणांचे हक्क पाहते, आयपीआरएस ही संस्था शब्द आणि चालींचे. बँड स्वतःची गाणी प्रत्यक्ष वाजवत असेल आणि मध्यंतरात मुद्रित गाणी लावली जाणार नसतील, तर पीपीएलचा प्रश्न सहसा येतच नाही. आयपीआरएसचा येतो, तो बँडचे गीतकार-संगीतकार तिथे सभासद असतील तर, आणि त्यांचा वाटा रॉयल्टी म्हणून त्यांच्याकडे परत यायचा असतो. अर्जात गाण्यांची यादी, प्रत्येकाचा गीतकार, संगीतकार आणि सभासद आहे की नाही एवढे चार रकाने ठेवले की काम झालं. सरसकट दोन्ही ना-हरकती मागून तारीख अडवून ठेवणं बंद व्हावं.

मोडतोडीच्या भीतीबद्दल प्रामाणिक बोलायला हवं, कारण ती अगदीच निराधार नाही. लोक गाण्यावर उठतात, खुर्चीवर चढतात, हात टेकतात. म्हणून आमचं म्हणणं असं की हे कार्यक्रम बसून ऐकण्याचेच ठेवावेत. दर पन्नास प्रेक्षकांमागे एक स्वयंसेवक, जाण्यायेण्याच्या वाटा मोकळ्या, कार्यक्रमाआधी आणि नंतर दोघांनी मिळून खुर्च्यांचे फोटो, आणि अनामत रकमेतून वजावट फक्त त्या फोटोंवरून. बाल्कनीत तालावर उड्या मारायला सक्त मनाई, कारण शेकडो माणसं एका तालात उडाली की बाल्कनीवर येणारा भार नुसत्या वजनापेक्षा कितीतरी वाढतो. ही अट मोडणाऱ्या आयोजकाला पुढे तारीख देऊ नका. आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

जागा कुठली, हेही सुचवतो. हजार खुर्च्यांचं नाट्यगृह या बँडना नको, रिकामं दिसतं आणि घुमतं. प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिरात आणि ठाण्याच्या काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात मिनी थिएटर आहे, त्या मापाची जागा उत्तम. नव्या प्रभागांत उभी राहणारी बहुउद्देशीय सभागृहं मात्र टाळा. ग्रॅनाइटची फरशी, गुळगुळीत भिंती, उंच छत. टाळी वाजवली तर दोन-अडीच सेकंद विरत नाही, तिथे भाषणसुद्धा कळत नाही. नाटकाच्या जुन्या हॉलमध्ये ही घुमण्याची वेळ साधारण सेकंदभर असते. शब्द कळावेत म्हणून बांधलेली जागा शब्दांच्या गाण्याला चालते, इतकं ते सरळ आहे.

आमच्या मागण्या :

१. आरक्षण अर्जात ‘स्वरचित संगीत / बँड’ असा स्वतंत्र रकाना, आणि दर वाद्यवृंदाइतकाच. नकार द्यायचा तर कारणासह लेखी.

२. तारखांच्या प्रत्येक वाटपात दर महिन्याला किमान दोन संध्याकाळी या रकान्यासाठी. शनिवार-रविवार नाटकवाल्यांचेच राहू द्या. सोमवार ते गुरुवार चालेल.

३. या कार्यक्रमांना सहा तासांचं जोडसत्र, दीडपट भाड्यात. दुप्पट नको.

४. हॉलच्या आत मिक्सरची कायम जागा आणि तिथून रंगमंचापर्यंत बंद नळीतून नेलेली केबल, म्हणजे प्रेक्षक अडखळणार नाहीत.

५. प्रत्येक शहरात निदान एका छोट्या नाट्यगृहात हे सामान : ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर, रंगमंचावरच्या लाइनी एकत्र घेणारा २४ इनपुट आणि ८ आउटपुटचा स्टेज बॉक्स, १२ इंची पाच मॉनिटर, वाद्य थेट मिक्सरला जोडण्यासाठी ८ डीआय बॉक्स, २० माइक आणि तेवढेच स्टँड, त्यांतले पाच बुटके. ड्रम्ससाठी आठ बाय आठ फुटांचा, फूटभर उंचीचा भक्कम चौथरा आणि वर सतरंजी, नाहीतर किक ड्रम गाण्यागणिक पुढे सरकतो. मिक्सर टॅबलेटवरून चालवायचा असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झचं घ्या, २.४ वर प्रेक्षकांचे फोन गर्दी करतात आणि ऐन गाण्यात टॅबलेट हात वर करतो.

६. ध्वनीची वेगळी वीजलाइन आणि अर्थिंगची वार्षिक तपासणी. ही मागणी नाटकवाल्यांच्याही वतीने आहे.

७. निविदेत सामानाबरोबर ते जुळवून देण्याचे दोन दिवस आणि नाट्यगृहाच्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण धरलेलं असावं. आपल्याकडचे तंत्रज्ञ हुशार आहेत; त्यांना नवा मिक्सर देतात आणि त्याचं पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवतात.

८. आवाराच्या हद्दीवर कार्यक्रमाच्या वेळी मीटर, आणि नोंद दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर.

या मागण्यांपैकी पहिल्या तीन आणि आठवीला नवा खर्च जवळजवळ नाही, फक्त परिपत्रक लागतं. तेवढं या तारखावाटपाच्या आधी काढावं. पाचवी पुढच्या अंदाजपत्रकात येऊ शकते.

चाचणी म्हणून कुठल्याही एका महापालिकेने एक सोमवार द्यावा. तीनशेच्या आतला हॉल, दुपारी साडेतीनला ताबा, सातला कार्यक्रम, साडेआठला शेवटचं गाणं, सव्वानऊला हॉल रिकामा. मिक्सर, मॉनिटर आणि कामाची माणसं आम्ही त्या दिवशी विनामूल्य देऊ. मीटर आपल्या पर्यावरण विभागाचा, हातात धरणारा माणूसही आपलाच. हद्दीवर मर्यादा ओलांडली गेली तर आम्ही त्याच क्षणी आवाज खाली घेऊ आणि ती नोंद आमच्या सहीने फलकावर लावू. शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना पहिल्या रांगेच्या दोन प्रवेशिका आम्हीच नेऊन देऊ.

उत्तर लेखी यावं, ही विनंती.

आपले,
ध्वनी, प्रकाश, रंगमंच व्यवस्था आणि छोट्या कार्यक्रमांचं आयोजन करणारे काही जण